लालपेन आणि चौथी खुर्ची

शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला खालून हाक मारू नये, हे तिला कळत होतं. तरी तिने मारली.

“अहो... तो ‘मु’ दुसरा हवा.”

शिडीवरच्या माणसाचा ब्रश हवेतच थांबला. दवाखान्याच्या त्या लांबलचक बोळात भर सकाळी दिवे लागलेले होते. बाहेर आठवडाभर ढग हटायला तयार नव्हते आणि खिडक्यांतून येणारा उजेड पाण्यात बुडवून पिळल्यासारखा फिका होता. भिंतीवर वीतभर उंचीची निळी अक्षरं ओली चमकत होती – ‘मुत्रपिंडविकार विभाग’.

“काय म्हणालात?”

“मूत्रपिंडातला मू. दुसरा उकार. तुम्ही पहिला काढलाय.”

त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला, उलगडला, पाटीशी ताडून पाहिला. “कागदावर असंच लिहून दिलंय.”

“मग कागद चुकलाय.”

“कागद ऑफिसातून आलाय.”

“मग ऑफिस चुकलंय.”

तो दोन पायऱ्या खाली उतरला. चाळिशीच्या अलीकडचा असेल. कानाच्या पाळीवर निळा ठिपका, डोळ्यांखाली झोप न झाल्याची वर्तुळं. “शिक्षिका आहात का?”

“नाही. मी... चुका काढते. तेच माझं काम आहे.”

“त्याचा पगार मिळतो?”

“मिळतो.”

“नशीब. आमच्याकडे शेजारीण फुकटात करते.”

तिला हसू आलं. त्या बोळात कुणी हसत नसे, म्हणून तिने ते ओठांतच दाबलं. पण त्याला दिसलं असावं. कारण पुन्हा शिडी चढताना तोही काहीतरी दाबत होता. त्याने फडक्यावर टर्पेंटाइन घेतलं, चुकीचा उकार पुसला आणि ब्रश एकदाच खाली, मग वळवून वर, असा नेला. उकार असा देखणा उतरला की ती पिशवी सावरायची विसरली. अक्षरं पाहण्यात तिची बारा वर्षं गेली होती, पण ती फक्त बरोबर आहेत की चूक एवढंच बघायची. अक्षर सुंदर असू शकतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“झालं?” त्याने वरून विचारलं.

“झालं,” ती म्हणाली आणि ताईची फाईल छातीशी धरून आत गेली.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. सगळे म्हणजे आता एक ताईच उरली होती. औषधाच्या खोक्यात गोळ्यांबरोबर घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही, तो छापायला जाण्याआधी धाकटी वाचायची. अक्षरन् अक्षर, तीनदा. ‘जेवणाआधी’च्या जागी ‘जेवणानंतर’ गेलं तर काय होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यामुळे चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय तिला राहवायचं नाही, आणि ती चूक औषधाच्या कागदावर आहे की भाजीवाल्याच्या फळ्यावर, याने काही फरक पडायचा नाही.

ताईची दोन्ही मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी थकली. सोमवार, बुधवार, शुक्रवार – चार-चार तास ती यंत्राला जोडलेली असायची. तिचं रक्त एका नळीतून बाहेर जायचं, धुऊन दुसऱ्या नळीतून परत यायचं. धाकटी शेजारी बसायची. हातात दुसरं काही नसायचं, फोन असायचा. फोनवर एक ग्रुप होता, अशाच रुग्णांच्या घरच्यांचा. गावोगावचे लोक, कुणाचं खरं नाव नाही. कुणी ‘हेडमास्तर’, कुणी ‘दोन मुलांची आई’. धाकटीने घेतलेलं नाव होतं ‘लालपेन’.

लालपेन ग्रुपवर प्रसिद्ध होती. कुणी ‘आणी’ लिहिलं की ती ‘आणि’ लिहून जायची, कुणी ‘डाॅक्टर म्हनाले’ लिहिलं की ण लावून द्यायची. कधी नुसतं, कधी चिमटा काढून. लोकांना मजा वाटायची. हेडमास्तर तर प्रत्येक वेळी टाळ्या वाजवणारे हात पाठवत.

दोनेक महिन्यांपूर्वी ‘चौथी खुर्ची’ नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं: ‘आज आईची शिर सापडेना. सगळे करुन बघितले. चारदा सुई टोचली. ति काही बोलत नाही पण माझा हात घट्ट धरते. कुनी ऊपाय सांगेल का’.

लालपेनने खाली लिहिलं: ‘आईचं शिर सापडत नसेल तर आधी पोलिसांत कळवा. शिर म्हणजे डोकं. सुई टोचतात ती शीर. आणि उपायातला उ पहिला.’

बासष्ट जण हसले. धाकटीची ती दुपार बरी गेली. ताईला तिने फोन पुढे करून दाखवलंही. ताई हसली नाही. यंत्राकडे बघत म्हणाली, “माझ्या रक्तात काय बिघडलंय ते तुला दुरुस्त करता येत नाही, धाकटे. म्हणून तू लोकांच्या वेलांट्या धरून बसतेस.”

धाकटीने फोन बंद केला. ताई काहीबाही बोलायची, यंत्रावर असताना तिचं डोकं दुखायचं. तिने मनावर घेतलं नाही.

शिडीवरचा माणूस मग यंत्राच्या दर पाळीला दिसू लागला. नर्सेस त्याला पेंटर म्हणत. त्याची आईही त्याच खोलीत यंत्रावर असायची, खिडकीजवळच्या पलंगावर. महिन्याभरापूर्वीच ती या दवाखान्यात आली होती. मानेच्या बाजूला पट्टी, पट्टीतून निघालेल्या दोन नळ्या. अंगाने चिमणीएवढी, पण जीभ शाबूत. मुलगा नाहीतरी इथे बसूनच असतो म्हणताना दवाखान्याने त्याला पाट्या रंगवायचं काम दिलं होतं. यंत्र सुरू झालं की तो आईच्या पायावर थोडा वेळ हात ठेवून बसायचा, मग शिडी उचलायचा.

“मॅडम, ‘निर्जंतुक’ बघता का जरा?” बुधवारी त्याने दारातून विचारलं.

“पहिली वेलांटी. बरोबर आहे.”

शुक्रवारी: “‘प्रतीक्षा’?”

“ती दुसरी. तुम्ही पहिली काढलीये.”

सोमवारी त्याने ‘पाणी’ लिहिताना ‘णि’ काढला. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “हे तुम्हाला येत नाही असं मला पटत नाही.”

“येतं.”

“मग?”

तो ब्रशचे केस बोटांनी नीट करत राहिला. “बरोबर लिहिलं की तुम्ही बाहेर येत नाही.”

तिच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं. खरं ऊन तर पंधरा दिवस कुणी पाहिलं नव्हतं. खोलीत परत आली तर त्याची आई टक लावून बघत होती.

“काय गं, किती चुका काढल्यास आज माझ्या लेकाच्या?”

“एकच.”

“एकच कशी... नीट बघ. मी चाळीस वर्षं बघतेय, पुष्कळ आहेत.” मग म्हातारी ताईकडे वळली, “तुझी बहीण लाजते की हिला ताप आहे?”

“दोन्ही असेल,” ताई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती मोठ्याने हसली, आणि यंत्राने टूं टूं केलं म्हणून नर्स धावत आली.

जिन्याखाली एक छोटी खोली होती, त्यात त्याचे डबे असत. एका शुक्रवारी तो तिथे बसून ‘पायऱ्या निसरड्या आहेत’ अशी पाटी करत होता. खिडकीच्या काचेवरून थेंब ओघळत होते. ती चहाचे दोन कागदी पेले घेऊन गेली. त्याने पेला घेतला आणि ब्रश तिच्या हातात दिला.

“ही वेलांटी तुम्ही काढा.”

“छे. माझा हात थरथरतो.”

“सगळ्यांचा थरथरतो. श्वास आत घ्यायचा... आणि वेलांटी संपेपर्यंत सोडायचा नाही.” त्याने तिच्या मनगटाखाली आपला हात धरला. अगदी हलका, शिडीला टेकवतात तसा. ब्रश वर गेला, वळला, खाली आला. वेलांटी वाकडी झाली. दोघांनीही श्वास सोडला, आणि तो हात मात्र काही क्षण तिथेच राहिला.

“मी पाचवीत शाळा सोडली,” तो म्हणाला. “वडील गेले. मग एका पेंटरकडे राहिलो. अक्षरं मी लिहीत नाही हो, चित्रासारखी काढतो. समोर कागद असला की जमतं. मनानं लिहायचं म्हटलं की...” त्याने मान हलवली.

तिला त्याच्याशी बोलत राहावंसं वाटत होतं. काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, “आईंच्या मानेत नळी का घातली? ताईचं हातातूनच होतं.”

“आईचंही हातातूनच व्हायचं. ती शीर बंद पडली.”

बोलताना शीर आणि शिर यातला फरक कुणाला कळतो. तिलाही कळला नाही.

“अचानक?”

“अचानक नाही.” त्याने चहा बाजूला ठेवला. “एका शनिवारी हात सुजला. त्या शिरेवर बोट ठेवलं की आत घरघर लागते ना... ती लागेना. तेव्हाच्या जुन्या दवाखान्यात फोन केला, तर म्हणाले, सोमवारी पाळी आहेच, तेव्हा दाखवा. माझा जीव राहीना. फोनवर एक ग्रुप आहे आपल्यासारख्यांचा. म्हटलं तिथे विचारू. लिहिलं. आणि ‘सुज’ पहिला की दुसरा, तेच ठरेना.”

तिने ब्रशवरून नजर उचलली.

“आधी एकदा तिथे माझं हसं झालं होतं. सगळ्यांनी वाचलं, आईनं सुद्धा विचारलं, काय लिहिलंय रे. मी म्हटलं, काही नाही. तर त्या दिवशी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी राहू दिलं. सोमवारी त्यांनी इथे पाठवलं. इथल्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, शनिवारीच आणायचं होतं, आता उपयोग नाही.” तो थोडा हसला, स्वतःलाच हसल्यासारखा. “एका उकारासाठी बसून राहिलो बघा दोन दिवस. वेडाच.”

“तुमचं नाव... तिथलं नाव काय?”

“चौथी खुर्ची. जुन्या दवाखान्यात आईची चौथी खुर्ची होती, म्हणून.”

तिच्या हातातला ब्रश अजून निळा होता. एक थेंब तिच्या चपलेवर पडला, मग दुसरा. “ताईचं यंत्र थांबायची वेळ झाली,” असं काहीतरी ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

टॅक्सीत तिने ताईला सगळं सांगितलं. यंत्रावरून उतरल्यावर ताईला बोलवत नसे. डोळे मिटून ती ऐकत होती. दारात किल्ली शोधताना म्हणाली, “सांग त्याला.”

“तो जाईल, ताई.”

“जाईल. पण तू सांगितल्यावर गेलेला बरा. दुसऱ्या कुणाकडून कळून गेला तर तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

शनिवारी ऑफिसात धाकटीने औषधाचा कागद बाजूला सारला आणि ‘चौथी खुर्ची’ने लिहिलेलं सगळं शोधून काढलं. अकरा वेळा लिहिलं होतं त्याने. ‘मशिन चालु असताना पायावर हात ठेउन बसा, त्यांना बरे वाटते.’ ‘रबरी चेंडु दाबायला द्या.’ ‘सुई टोचायच्या आधि दहा मिनीटे गरम पान्याचा टाॅवेल हातावर ठेवा शिर वर येते.’

तिने ती ओळ पुन्हा वाचली. गरम पाण्याचा टॉवेल. वर्षभर ती दर पाळीला ताईच्या हातावर तो ठेवत आली होती. त्याने ताईच्या चेहऱ्यावरची भीती निम्म्याने कमी झाली होती. कुठे वाचलं होतं ते ती साफ विसरली होती. खाली तिनेच तेव्हा उत्तर दिलेलं होतं: ‘मिनिटे. नि पहिला.’

सोमवारी तिचं धाडस झालं नाही. बुधवारी ती जिन्याखालच्या खोलीत गेली आणि दारातच उभी राहिली.

“मला तुम्हाला काही सांगायचंय.”

त्याने ब्रश ठेवला. फडक्याला हात पुसले, बोटन् बोट पुसलं. सरळ उभा राहिला, शर्टाची बाही खाली ओढली. चांगलं काही ऐकायची तयारी माणूस कशी करतो, ते ती बघत होती.

“मलाही सांगायचं होतं,” तो म्हणाला. “पण आधी तुम्ही.”

“त्या ग्रुपवर... लालपेन आहे ना. ती मी आहे.”

त्याला समजायला क्षणभर लागला. मग चेहऱ्यावरचं एकेक काहीतरी विझत गेलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही.

“लिहिताना हसत होतात?”

खोटं बोलता आलं असतं. “हो,” ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. “मलाही आलं असतं हसू. दुसऱ्या कुणाची आई असती तर.”

“मला माफ...”

“राहू द्या.” त्याने डब्यावर झाकण ठेवलं, मुठीने कडेकडेने ठोकून बसवलं. चारही डब्यांची झाकणं त्याने तशीच बसवली. ती उभी होती तोवर त्याने वर पाहिलं नाही. तो काय सांगणार होता ते तिला कळलं नाही, आणि विचारायचा हक्कही उरला नव्हता.

शुक्रवारी खिडकीजवळच्या पलंगावर एक अनोळखी गृहस्थ होते. नर्स म्हणाली, पेंटरने आईची पाळी बदलून घेतली; आता ते मंगळवार-गुरुवार-शनिवार येणार.

त्याच दुपारी धाकटीने ग्रुपवर लिहिलं. फार वेळ लागला नाही, फक्त पहिलं वाक्य जड गेलं. ‘मी इथे एका माणसाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, त्याच्या वेलांटीला दिलं. सगळे हसले. पुढच्या वेळी त्याला विचारायचं होतं तेव्हा तो घाबरला आणि गप्प बसला. त्याच्या आईचं त्यात कायमचं नुकसान झालं. याला मी जबाबदार आहे. यापुढे न विचारता मी कुणाचं काही सुधारणार नाही.’

हेडमास्तरांनी लगेच लिहिलं, की भावना समजली, पण भाषेला काही शिस्त नको का. आज वेलांटी सोडली तर उद्या व्याकरण सोडाल. धाकटीने उत्तर दिलं, ‘शिस्त हवी, सर. मी त्यावरच पोट भरते. पण सुई टोचलेल्या माणसाला आधी सुईबद्दल सांगू.’ त्यावर कुणीतरी लिहिलं, की शुद्ध लिहिलेलं वाचायला बरं वाटतं हे खरंच आहे. कुणी म्हणालं, अशुद्ध लिहिणारे आळशी असतात. कुणी त्याला उत्तर दिलं, की माझी शाळा दुसऱ्या भाषेत झाली, मी आळशी नाही. वाद दोन दिवस चालला.

आणि मग एकेक जण बोलू लागले. ‘मी दोन वर्ष नूसती वाचते, लिहायची भिती वाटते.’ ‘माझे पण चूकते, मुलगा हसतो म्हनुन लिहीत नाही.’ एका बाईने विचारलं, नवऱ्याला यंत्रानंतर थंडी भरून ताप येतो, हे नेहमीचं का. पाच मिनिटांत सात जणांनी सांगितलं, आत्ताच दवाखान्यात न्या. ती बाई संध्याकाळी परत आली, ‘नेले. बरे झाले तूम्ही सांगीतले.’

सुरुवातीला धाकटीचे हात शिवशिवायचे. मग शिवशिवणंही गेलं. रोज ती एकच नाव शोधायची. ‘चौथी खुर्ची’ समोरचा हिरवा ठिपका कधीकधी पेटायचा. तो वाचत होता. लिहीत नव्हता.

ढग गेले आणि कोरडी थंडी पडली. बोळातल्या सगळ्या पाट्या रंगवून झाल्या होत्या. ताईला जिना चढवेना, म्हणून ती आता चाकाच्या खुर्चीत येत असे. एका बुधवारी नर्सने टॉवेल पिळता पिळता सांगितलं, “ती चिमणीसारखी आजी होती ना... काल गेली. यंत्रावर असतानाच. पेंटर हात धरून होता.”

ताईने तोंड भिंतीकडे वळवलं. धाकटी टॉवेल घेऊन उभी राहिली आणि तो थंड होऊन गेला तरी तिच्या लक्षात आलं नाही. भेटायला जावं असं शंभरदा वाटलं. पण काय म्हणून जाणार, आणि कुठल्या तोंडाने.

पंधरा-वीस दिवसांनी ऑफिसच्या शिपायाने सांगितलं, कुणीतरी आलंय. ती बाहेर आली तर तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. गालफडं बसली होती. हातात वहीचा दुमडलेला कागद.

“वेळ आहे?”

तिने त्याला आपल्या टेबलापाशी नेलं, दुसरी खुर्ची ओढली. तो बसला, पण कागद दिला नाही. आधी बोलला.

“मी डॉक्टरांना विचारलं. शनिवारी आणलं असतं तर काय झालं असतं. ते म्हणाले, हाताची शीर काही महिने टिकली असती. पण आई हृदयाने गेली. हृदय आधीच थकलं होतं.” त्याने कागदाची घडी बोटाने दाबली. “हे तुमच्यासाठी विचारलं. तुम्ही दिवसरात्र तेच घोकत असाल म्हणून.”

तिने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

“डॉक्टर अर्धं खरं बोलले असतील,” तो म्हणाला. “मला तेवढं पुरे. तुम्हालाही पुरू दे.”

“नाही पुरणार,” ती म्हणाली.

“मग निम्मं माझ्याकडे द्या. मीही शनिवारी उठून तिला न्यायला हवं होतं.” त्याने कागद टेबलावर ठेवला. “ग्रुपवर निरोप लिहितात ना, माणूस गेलं की. तो लिहिलाय. तपासून द्या.”

“आहे तसा टाका. आता कुणी काही म्हणणार नाही.”

“म्हणून नाही.” पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला. “आईबद्दलचं आहे. तिच्याबद्दलचं चुकलेलं मला चालणार नाही. चूक दाखवलीत याचं मला कधी वाईट वाटलं नाही हो. मी काही विचारत होतो... तेवढं ऐकायला हवं होतं.”

तिने पेन्सिल घेतली. लाल नव्हे, साधी. खुर्ची त्याच्या बाजूला सरकवली. दोघं ओळीओळीने वाचू लागले. ती चूक दाखवायची, का चूक ते सांगायची. तो आपल्या हाताने सुधारायचा. त्यात लिहिलं होतं, आईला रस्त्याने चालताना पाट्या वाचून दाखवायला लागायच्या. ही कुणी लिहिली, असं ती प्रत्येक पाटीला विचारायची, आणि ‘मी’ म्हटलं की थांबून बघायची. मग एक ओळ आली: ‘तीला वाचता येत नव्हते म्हणुन तीला माझ्या चुका कधी दिसल्या नाहीत.’

धाकटीची पेन्सिल थांबली.

“काय चुकलं?” त्याने विचारलं.

“ति... पहिली. दोन्हीकडे. आणि ‘म्हणून’.” तिने तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता. कागदावर एक थेंब पडला आणि शाई फुटली.

“आता ती ओळ पुन्हा लिहावी लागणार,” तो म्हणाला.

“मी लिहून देते.”

“नको. मीच लिहितो.” त्याने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे ठेवला. रुमालाला टर्पेंटाइनचा वास होता.

निरोप ग्रुपवर गेला. हेडमास्तरांनी लिहिलं, ‘माऊलीला नमस्कार.’ बाकी त्यांनी काही लिहिलं नाही.

मग अधूनमधून त्याचा फोन येऊ लागला. ‘कार्यालयातला या नीट सांगा.’ ‘वसतिगृहाची वेलांटी कुठली?’ ती सांगायची. शब्द संपला तरी फोन लगेच बंद व्हायचा नाही. कधी तो शिडीवरून बोलायचा, वारा ऐकू यायचा. कधी नुसताच म्हणायचा, आज घरात करमत नाही. आई घरात नसण्याबद्दल तो फारसं बोलत नसे, पण आता चहाला आधण किती ठेवायचं ते कळत नाही, असं एकदा म्हणाला. ताईचं दुखणं वाढत होतं. धाकटीही ते त्याला सांगू लागली, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी धीर दिला असता, आणि तिला धीर नको होता. तो ऐकायचा. “हं,” म्हणायचा. एवढ्यानेच तिला त्या दिवशी झोप लागायची.

तो काय सांगणार होता ते तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

एका सोमवारी ती ताईची चाकाची खुर्ची ढकलत दवाखान्याच्या दारात आली, तर दाराशी नवं टेबल मांडलेलं. नवा पहारेकरी, नवी वही. रुग्णाबरोबर कोण आत जातं ते लिहायचं: नाव, वेळ, रुग्णाचं नाव, नातं. टेबलापाशी तो वाकून उभा होता. घासून धुतलेला शर्ट, ओले विंचरलेले केस.

“तुम्ही... इथे?” ती म्हणाली. “आता तुमचं इथे कोण आहे?”

त्याने वर न बघता लिहिणं पुरं केलं. सावकाश, श्वास रोखून. मग पेन खाली ठेवून बाजूला झाला.

पहारेकऱ्याने वही तिच्याकडे सरकवली. वरच्या ओळीत त्याचं नाव होतं. रुग्णाच्या रकान्यात ताईचं. आणि नात्याच्या रकान्यात, पाटीवर असावं तसं रेखीव अक्षर – ‘मेहूणा’.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. ताईने खुर्चीतून मान उंच करून पाहिलं आणि शाल तोंडावर ओढून घेतली. तिचे खांदे हलत होते.

“हे चुकलंय,” धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

त्याचा चेहरा उतरला. हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. “नातं चुकलं... की लिहायला चुकलं?”

मागे माणसं रांगेत उभी होती. कुणीतरी खोकलं. आत कुठेतरी यंत्रं सुरू झाल्याचा आवाज येत होता, आणि ताईची वेळ होत आली होती. धाकटीने पेन उचललं.

“हु पहिला,” ती म्हणाली. “बाकी बरोबर आहे.”